जिन्यातला कागद

आमच्या घरात एका पातेल्याला काठाखाली लाल दोरा बांधलेला होता. त्या पातेल्यात काही शिजवायचं नाही, ते बाकीच्या भांड्यांबरोबर घासायचं नाही आणि त्यात बुडवलेलं बोट तोंडात घालायचं नाही, असे तीन नियम आईने घालून दिले होते. त्यात मी कागद चिकटवायची खळ करायचे. मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या, मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं आणि दुधी रंग जाऊन काचेसारखी झाक आली की चिमूटभर मोरचूद टाकायचं. मोरचूद विषारी असतं. ते घातलं नाही तर चिकटवलेला कागद झुरळं कुरतडून खातात. तयार खळ दिसायला पातळ खिरीसारखी दिसे, फक्त किंचित निळी. "एक दिवस कोणीतरी चमचा घालून बसेल," असं आई जवळजवळ प्रत्येक वेळी म्हणायची. कोणी चमचा घातला नाही. त्या पातेल्याने आमचं जे केलं ते दुसऱ्याच मार्गाने केलं, आणि ते काम माझ्या हातून झालं.

घर घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी, तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली, कोपऱ्यात मोरी, बाहेर सामाईक गॅलरी आणि मधोमध एकच जिना. विमानतळाकडे उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जात की पोटाखालची चाकं मोजता यायची. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबे. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत. विमान गेलं की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होई. पाहुण्यांना हे विचित्र वाटे, आम्हाला त्या थांबण्यांची सवय होती. पेले वाजतात ते विमानामुळे, भिंतीचे पोपडे पडतात तेही विमानामुळे, असं सगळी इमारत धरून चालली होती. पुढे आकाशात विमान नसतानाही पेले अधूनमधून वाजू लागले. ते बरेच दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं ते बोलले नाहीत.

बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर हाती जे आलं ते सगळं त्यांनी या खोलीच्या पागडीत घातलं आणि विक्रोळीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात कामाला लागले. गावाकडची जमीन चुलत्यांकडे गेली होती. म्हणजे जगात आमची म्हणावी अशी जागा ही एवढीच. बाबा हे कधी बोलून दाखवत नसत, पण घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ते दाराच्या चौकटीवर हात ठेवायचे. देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसा.

मी आठवीत असताना मला कावीळ झाली. तेल बंद, मसाला बंद, रविवारी घरभर बांगड्याच्या तिखल्याचा वास आणि माझ्यापुढे पेज. शाळा दोन महिने बुडाली. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे म्हणून बाबा एक दिवस कारखान्यातून कात्रणांची पिशवी घेऊन आले. ब्राऊन कागद, पांढरा पुठ्ठा, कुठल्यातरी मिठाईच्या खोक्याचा सोनेरी तुकडा. "काहीतरी कर," एवढंच म्हणाले. मी पहिल्या दिवशी एक डबी केली. तिचं झाकण बसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, झाकण बसलं पण सैल. पाचव्या डबीचं झाकण खाली ढकलताना आतली हवा हलका फुस्स आवाज करून बाहेर आली आणि झाकण बसलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तोपर्यंत मला कुठलीही गोष्ट नेमकी जमली नव्हती. वर्गात मी मधल्या बाकावरची मुलगी होते, घरात एकुलती एक, म्हणून फक्त सांभाळलेली. पाचव्या डबीनंतर मला कळलं की एखादी वस्तू बरोबर असते किंवा नसते, आणि ती कोणती आहे हे हाताला कोणी न सांगता समजतं.

बाबांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला असावा. त्यांनी मला कागदाचा कल शिकवला. कागदातले तंतू एका दिशेने झोपलेले असतात. कागदाची पट्टी ओली करून तळहातावर ठेवली की ती त्या दिशेच्या आडवी वळते. कलाच्या बाजूने फाडलं तर कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. "आणि एक बघून ठेव," बाबा म्हणाले. "खळ कच्ची असली तर कागद सुटून येतो, अख्खा. चिकटलेलाच राहिला आणि मधून फाटला, तर खळीचा दोष नाही. खालचं काहीतरी हललं. खोकं फुटून परत आलं की आम्ही आधी हेच बघतो." मला हे वाक्य त्यांनी सांगितलं. नंतर जे झालं त्यात हा तपशील महत्त्वाचा आहे.

कावीळ बरी झाली, कागद सुटला नाही. कमळं, झुंबरं, कात्रीने कापलेल्या जाळ्या. गणपतीत पूर्ण कागदाचं मखर. आज या उद्योगाला क्राफ्ट म्हणतात, त्याचे कापून ठेवलेले तुकडे डब्यातून विकत मिळतात आणि त्याने मन शांत होतं असं मला तरुण मुली सांगतात. खरं असेल. माझं मन शांत होत नसे, जागं होई. जिन्याला लागून असलेल्या खोलीत सरूमावशी एकटी राहायची. मालवणची, विधवा, आमची नात्यातली कोणी नाही. ती दारातूनच ओरडायची, "नंदा, माका पन येक कमळ करून दी गो! देवाक खरी फुला रोज खंयसून हाडू?" मी तिला सात कमळं करून दिली. ती त्यांच्यावर रोज पाणी शिंपडायची, त्यामुळे सातही आठवड्याभरात गेली. "तुझी फुला पन सुकतत, खऱ्यासारखी," ती म्हणाली. हे कौतुक होतं.

भेग त्याच जिन्यात होती. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर, छातीच्या उंचीपासून सुरू होऊन तिरकी वर जाणारी, सरूमावशीच्या भिंतीत शिरणारी. घरमालकाने दुरुस्ती कधीच थांबवली होती. त्याला इमारत पाडायची होती. शेजारच्या गल्लीतली एक इमारत धोकादायक ठरून रिकामी झाली, तिथले लोक दूरच्या संक्रमण शिबिरात गेले, आणि पोरांची लग्नं होऊन नातवंडं झाली तरी तिथेच होते. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तपासणीसाठी सरकारी साहेब येणार असं कळलं तेव्हा परबकाकांनी गॅलरीत सगळ्यांना बोलावलं. परबकाका आमच्या भाडेकरू समितीचे सेक्रेटरी, आवाज मोठा, मन वाईट नाही.

"नुसता चुना मारून भेग झाकत नाही," ते म्हणाले. "चुना सुकला की परत दिसते. तिच्यावर कागद पाहिजे. कागद, मग चुना."

"कागद कोण लावणार? पेंटर बोलावला तर तो खाली जाऊन मालकालाच सांगेल," कोणीतरी म्हणालं.

परबकाकांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. बाबा म्हणाले, "माझी पोरगी लावेल. कोणाला कळणार नाही असा लावेल."

त्या क्षणी मला भीती वाटली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला अभिमान वाटला.

काम मी दोन दुपारींमध्ये केलं. ब्राऊन कागद पातळ, तीन थर. कडा कात्रीने कापल्या नाहीत, हाताने फाडल्या. फाडलेली कड पातळ होत जाते आणि भिंतीत विरघळते, कापलेली कड सावली पाडते. कागदाचा कल भेगेच्या आडवा ठेवला, म्हणजे ताण पडला तरी टिकेल. वर चुन्यात चिमूटभर गेरू आणि चहाचं पाणी घातलं, कारण आमच्या जिन्याच्या भिंती पांढऱ्या नव्हत्या, वर्षानुवर्षांच्या हातांच्या रंगाच्या होत्या. शेवटी माझा मळका तळवा तिथे दोन-तीनदा टेकवला. परबकाका वळणावर उभे राहून म्हणाले, "कुठे होती गं ती? आयला, मलाच सापडेना. झकास!" मी तोपर्यंत केलेल्या कामांत ते सर्वांत चांगलं होतं. अजूनही मला त्यात सुधारणा सुचत नाही.

साहेब आले. तरुण होते, नीट काम करणारे. प्रत्येक मजल्यावर भिंतीला टकटक करून बघत होते. वळणावर त्यांनी माझ्या कागदापासून हातभर अंतरावर टकटक केली, तेवढ्यात विमान आलं आणि त्यांना काही ऐकू आलं नाही. विमान जाईपर्यंत परबकाकांनी त्यांना चहासाठी वर नेलं होतं. किरकोळ दुरुस्ती, असा शेरा त्यांनी लिहिला. मात्र तीन आठवड्यांनी मोठे साहेब येऊन सही करतील, तोवर हा शेरा कच्चा, असं सांगून गेले. त्या संध्याकाळी इमारतीत शिरा वाटला गेला. माझ्या वाटीत बेदाणे जास्त होते.

पाचव्या दिवशी चुन्यावर एक केसासारखी रेघ दिसली. परबकाका म्हणाले, "खळ पातळ झाली गं नंदे. टेन्शन नको घेऊस, परत मार." मी ओल्या फडक्याने चुना काढला. कागद भिंतीला दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटलेला होता आणि मधून फाटला होता. आडवा, वेडावाकडा, तीनही थर. मी नवी खळ केली, चमचा उभा राहील इतकी घट्ट, आणि पुन्हा लावला. तो तिसऱ्या दिवशी फाटला. बाबा कामावरून येताना वळणावर थांबले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, नखाने एक कड उचलून बघितली, ती उचलली गेली नाही. मी वरच्या पायरीवर उभी होते. त्यांनी मला पाहिलं.

"खळ पातळ झाली," ते म्हणाले आणि वर गेले. चौकटीवर हात ठेवला. चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी मी सरूमावशीच्या खोलीत गेले. भेगेचं दुसरं टोक तिथे कॅलेंडरच्या मागे होतं. मी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, एक भेगेच्या डावीकडे चिकटवली, एक उजवीकडे, दोघींची मोकळी टोकं एकमेकींवर. मग दोन्हींवरून एकच आडवी पेन्सिलीची रेघ मारली आणि कॅलेंडर परत लावलं. असं कोणी मला शिकवलं नव्हतं. हात स्वतःहून करत गेले. "काय शोभेचा करतंस गो?" मावशीने विचारलं. मी हो म्हटलं. चार दिवसांनी बघितलं तर रेघ तुटली होती. उजवा तुकडा डाव्यापेक्षा खाली होता, कंपासपेटीतल्या पट्टीवरच्या दोन बारीक घरांइतका. आणखी तीन दिवसांनी साडेतीन घरं. मी आकडे भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. त्याच सकाळी मावशीचं दार आतून अडकलं. बाबा आणि परबकाकांनी खांदा लावून ते उघडलं आणि मग रंधा आणून दाराची वरची कड तासली. मावशी हसत बाहेर आली. "दार ठीक हा. मीच जाडी झालंय." सगळे हसले. रंध्याने काढलेले लाकडाचे भुरभुरीत कुरळे जिन्यात पडले होते आणि मी ते गोळा करत बसले.

वही मी बाबांना जेवताना दाखवली. त्यांनी ताटाकडे बघतच ती वाचली. आई ताक ओतत होती.

"मला दिसत नाही असं वाटतं तुला?" ते हळू आवाजात म्हणाले.

"मग खळ पातळ का म्हणालात?"

"काय म्हणू? कुठे न्यायचं तुम्हाला, ते सांग. शिबिरात? तिथून परत आलेला एक माणूस दाखव." मग विमान आलं. ते थांबले, पेले किणकिणले. विमान गेल्यावर त्यांनी वाक्य पुढे सुरू केलं नाही. आई एवढंच म्हणाली, "भात गार होतोय."

मोठे साहेब येण्याच्या आदल्या दुपारी मी तिसऱ्यांदा कागद लावला. परबकाका जवळ उभे होते. "उद्या दुपारपर्यंत टिकला पाहिजे, बस. मग फाटू दे. नाहीतर वाट लागली सगळ्यांची." टिकला. सकाळी अकराच्या सुमारास साहेब जिना चढू लागले. पुढे परबकाका, मागे तो तरुण साहेब फाईल घेऊन, प्रत्येक दारात माणसं. वळणावर बाबा उभे होते, पाठ भिंतीला टेकवून, हात मागे, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे. त्यांची पाठ बरोबर माझ्या कागदावर होती. त्या दिवशी त्यांनी कामावरून रजा घेतली होती. मला ते आधी सांगितलं नव्हतं.

मी वरून उतरले. साहेब तीन पायऱ्या खाली होते. मी म्हटलं, "बाबा, सरा."

परबकाका म्हणाले, "नंदे, आत जा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ते अर्धं पाऊल बाजूला झाले. अर्धंच. मला हात घालायला तेवढी जागा पुरली. मी खालची कड नखाने उकलली. खळ अजून पुरती वाळली नव्हती. मी ओढलं आणि तीन थर एकत्र, चुन्यासकट, एका दमात वरपर्यंत निघाले. भेगेत माझी चार बोटं गेली असती. आतून गार हवा येत होती. कुठल्यातरी खोलीत कुकरची शिट्टी झाली. साहेबांनी फाईल मागितली.

चौदा दिवसांत इमारत रिकामी झाली. कुलपं, गाठोडी, टेम्पो. परबकाकांनी माझं नाव तोंडात घेणं बंद केलं. शिबिरातली खोली आमच्या खोलीपेक्षा मोठी होती आणि तिथे आजूबाजूला काही नव्हतं. सरूमावशी दोन खोल्या पलीकडे आली. तिथे ती चार वर्षं जगली. एकदा मी तिचं डोकं चेपत होते तेव्हा म्हणाली, "तू केलंस ता बरा की वायट, माका ठावक नाय. पन माझी खोली माका व्हयी होती." मी डोकं चेपत राहिले. आमची इमारत पडली नाही. पावसाळे गेले, ती उभीच. लोक मुद्दाम जाऊन बघून यायचे आणि आल्यावर आमच्या दारासमोर मोठ्याने सांगायचे, "अजून ठणठणीत आहे!" भूगोलाची वही माझ्याजवळ होती. साडेतीन घरं. पण पुढचे आकडे घेणारं कोणी नव्हतं, आणि काही रात्री मला वाटे की पेन्सिलीची ती रेघ मीच नीट मारली नसेल.

पाच वर्षं मी कात्रीला हात लावला नाही. मग एका रविवारी आईने लाल दोऱ्याचं पातेलं माळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं आणि मैद्याचा डबा शेजारी ठेवला. तेव्हापासून मी आजवर कागदाचं काम करत आले. फक्त डब्या, घरं, जिने, मापात. शोभेसाठी किंवा झाकायला कागद मी पुन्हा कधी चिकटवला नाही. आता राहते त्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे दोन पट्ट्या आणि एक रेघ आहे. इमारत नवी आहे. रेघ सरळ आहे. मी दर महिन्याला बघते.

पुढे मी वर्तमानपत्रात कामाला लागले. एका दुपारी डेस्कवर दोन ओळींची बातमी आली. घाटकोपर पश्चिमेला टेकडीजवळ रिकाम्या पडलेल्या जुन्या इमारतीचा जिना आणि त्यालगतच्या खोल्या कोसळल्या, जीवितहानी नाही. पुढे आमच्या गल्लीचं नाव. मी एक अनावश्यक शब्द काढला आणि बातमी पुढे पाठवली. सहाव्या पानावर, तळाला लागली.

दुसऱ्या दिवशी तो अंक घेऊन शिबिरात गेले. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. बाहेर खुर्चीत बसून त्यांनी चष्मा लावला, बातमी वाचली, पुन्हा वाचली. मग कात्री न मागता त्यांनी ती हाताने फाडून घेतली. उभी सरळ फाटली, आडवी वेडीवाकडी. तुकडा त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"परबला दाखवतो," ते म्हणाले आणि थांबले. शिबिरावरून विमानं जात नसत, तरी बाबा बोलता बोलता असे थांबायचे. मी त्या थांबण्याची वाट बघत बसले.

"खळ पातळ नव्हती," ते म्हणाले.